अनुमस्तिष्काची मुजुमदारी

मानेचा मणका जेथे कवटीला भिडतो त्याच्या किंचित वर, मोठ्या मेंदूच्या पिछाडीखाली आणि मस्तिष्कस्तंभाच्या पाठीशी, एका चिवट पडद्याने वरच्या दालनापासून तोडलेल्या कोनाड्यात, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचे आणि बारीक आडव्या घड्यांनी भरलेले जे इंद्रिय वसलेले आहे, त्याला शास्त्रीय ग्रंथांत अनुमस्तिष्क म्हणतात आणि व्यवहारात लहान मेंदू. वजनाने ते खरोखरच लहान आहे. संपूर्ण मेंदूच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा एवढाच त्याचा वाटा. परंतु २००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी पेशींच्या मोजदादीची नवी रीत योजून मानवी मेंदूचा हिशेब जेव्हा मांडला, तेव्हा एकंदर सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी ६,९०० कोटी या एका कोनाड्यातच निघाल्या, आणि ज्याला आपण बुद्धी, भाषा, स्मृती व विवेक यांचे पीठ मानतो त्या प्रमस्तिष्काच्या, म्हणजे मोठ्या मेंदूच्या, बाह्यकाच्या वाट्याला अवघ्या १,६०० कोटी आल्या. त्याच्या साऱ्या घड्या उलगडून पसरल्या तर मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ चार पंचमांश क्षेत्र व्यापेल, असेही पुढे आढळून आले. एवढा फौजफाटा ज्याच्या दिमतीला आहे त्या इंद्रियाची बोळवण आपली शालेय पुस्तके ‘शरीराचा तोल सांभाळणे’ या तीन शब्दांत करतात, आणि वैद्यकाचे विद्यार्थीही परीक्षेपुरती लक्षणांची यादी घोकून पुढे सरकतात, ही गोष्ट मला नेहमीच थोडी चमत्कारिक वाटत आली आहे.

अधिक चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. मेंदूच्या इतर कोणत्याही भागाची अंतर्रचना अनुमस्तिष्काच्या रचनेइतकी स्वच्छ आणि निःसंदिग्धपणे ठाऊक झालेली नाही. कोणती पेशी कोणाकडून संदेश घेते, कोणाला देते, त्या संदेशाचा परिणाम चेतवण्याचा की आवरण्याचा, याचा बहुतांश तपशील गेली अर्धशतकाहून अधिक काळ उपलब्ध आहे. आणि तरीही हे सारे यंत्र नेमके कशासाठी, या प्रश्नावर विद्वानांची एकवाक्यता नाही. कोणी म्हणतात ते स्नायूंच्या हालचालींचे नियामक आहे. कोणी त्यास काळमापक मानतात. कोणी शिक्षणाचे यंत्र, कोणी भाकिताचे. आणि अलीकडे विचार व भावना यांतही त्याचा वाटा आहे असे मानणाऱ्यांचा पक्ष बळावत चालला आहे. या मतांपैकी एकाची तरफदारी करावी यासाठी हा ग्रंथ लिहिलेला नाही. तथापि एक धागा मी आरंभापासून अखेरपर्यंत सोडलेला नाही, आणि तो असा, की ज्या इंद्रियाची घडण सर्वत्र एकसारखी आहे, त्याचे कार्य विचारताना ते काय करते असे न विचारता त्याच्याकडे काय येते आणि त्याच्याकडून ते कोठे जाते असे विचारणे अधिक फलदायी ठरते.

पूर्वसूरींनी हा प्रश्न कसा विचारला, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कारण त्यांचे प्रमादही बोधप्रद आहेत. दुसऱ्या शतकातील गेलनने लहान मेंदू मोठ्याहून कठीण असल्याचे पाहून हालचालींच्या चेतांचा उगम त्यात असावा असे ठरवले. १६६४ साली ऑक्सफर्डच्या टॉमस विलिसने मेंदूच्या शरीररचनेवरील आपल्या ग्रंथात, ज्याच्या आकृत्या पुढे वास्तुविशारद म्हणून कीर्ती पावलेल्या क्रिस्टोफर रेनने काढल्या होत्या, हृदयाचे ठोके आणि श्वासोच्छ्वास यांसारख्या अनिच्छावर्ती क्रियांचा कारभार लहान मेंदूकडे सोपवला. केवळ अनुमस्तिष्कावर लिहिलेला पहिला ग्रंथ १७७६ सालचा, विन्चेन्झो मालाकार्ने या इटालियन शल्यवैद्याचा; त्याने त्याच्या भागोभागांची नावे ठरवली, घड्या एकेक करून मोजल्या, आणि त्या संख्येचा मनुष्याच्या बुद्धीशी संबंध जोडण्याचा मोह काही त्याला आवरला नाही. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव वाचणाऱ्या गालने तर तेथे कामवासनेचे ठाणे वसवून टाकले. त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन दिसत नाही.

लुइजी रोलांदोची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. नेपोलियनच्या स्वाऱ्यांमुळे आपला राजा सार्डिनिया बेटावर आश्रयाला गेला असता त्याच्या मागोमाग तेथे जाऊन सासारी येथे अध्यापन करणाऱ्या या वैद्याने जनावरांच्या अनुमस्तिष्काला इजा केली, तेव्हा त्यांच्या हालचाली मंदावल्या वा थांबल्या असे त्याला दिसले. त्याच सुमारास, म्हणजे १८०० साली, व्होल्टाने धातूंच्या चकत्या एकीवर एक रचून विद्युत् निर्माण करणारी चळत जगापुढे ठेवली होती. अनुमस्तिष्काचा छेद घेतला असता करड्या आणि श्वेत द्रव्याचे जे एकाआड एक थर दिसतात, ते पाहून रोलांदोने १८०९ साली निष्कर्ष काढला, की ही निसर्गाने रचलेली चळतच असून स्नायूंना हलवणारे बळ येथेच उत्पन्न होते. अनुमान चुकले, पण रचनेकडे बारकाईने पाहून तिच्यापासून कार्य काढू पाहण्याची त्याची धाटणी चुकीची नव्हती. त्याने साम्य बाह्य रूपात शोधले, जोडणीत शोधले नाही, एवढाच त्याचा दोष. आणि जोडणी दाखवणारी साधने त्याच्या हाती नव्हती.

त्याला उत्तर मिळाले ते पॅरिसमधून. प्येर फ्लुरांस याने कबुतराच्या लहान मेंदूचे थरामागून थर कापून काढले आणि प्रत्येक वेळी पक्ष्याचे निरीक्षण केले. वरवरचे थर काढले तेव्हा पक्ष्याच्या हालचालीत किंचित बेबनाव आला. आणखी खोल गेल्यावर तो दारू प्यालेल्या माणसाप्रमाणे झोकांड्या खाऊ लागला. सारे काढल्यावर त्याला उभे राहणेही अशक्य झाले. परंतु पक्षी पाहत होता, ऐकत होता, भीत होता, मारू आलेल्या हाताला टाळण्याचा यत्न करीत होता. इच्छा शाबूत, स्नायूंचे बळ शाबूत, आणि तरीही उड्डाण नाही. १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फ्लुरांसने जो निर्णय दिला तो आजही मोडीत निघालेला नाही: अनुमस्तिष्क हालचाल उत्पन्न करीत नाही, ते हालचालींचा मेळ घालते. शतकाच्या अखेरीस लुइजी लुचानीने शस्त्रक्रियेनंतर कुत्री दीर्घकाळ जगवून दाखवली, आणि स्नायूंचा ताठरपणा जाणे, बळ उणावणे व स्थैर्य ढळणे अशी तीन लक्षणे निराळी काढली. कालांतराने बरीचशी क्षती भरून निघते हेही त्याच्याच ध्यानी आले.

मनुष्याच्या अनुमस्तिष्काचे ज्ञान मात्र शांततेच्या काळात मिळाले नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी इस्पितळांत काम करणारे आयरिश वैद्य गॉर्डन होम्स यांच्यापुढे मानेच्या वरच्या बाजूस गोळी वा गोळ्याचा तुकडा लागलेले तरुण सैनिक येत राहिले. जखमा ताज्या, वय कोवळे, दुसरी व्याधी नाही, आणि बहुधा इजा एकाच बाजूची. म्हणजे प्रत्येक रुग्ण आपली तुलना आपल्याशीच करून देणारा. होम्स यांचा १९१७ सालचा निबंध, १९२२ सालची व्याख्याने आणि १९३९ सालचा समालोचनपर लेख हे या विषयाचे आजही आधारस्तंभ आहेत, आणि तपासणीचा जो विधी आज कोणत्याही रुग्णालयात होतो, म्हणजे बोट नाकाला लावून मग वैद्याच्या बोटाला लावणे, टाच गुडघ्यावर ठेवून नडगीवरून खाली नेणे, तळहात भराभर पालथा-उताणा करणे, टाचेला अंगठा भिडवून सरळ रेषेत चालणे, त्याच्या प्रत्येक अंगामागचा अर्थ त्यांत सापडतो. बोट लक्ष्याच्या पलीकडे जाते किंवा अलीकडेच थांबते. लक्ष्य जवळ येईल तसा कंप वाढतो. खांदा, कोपर आणि मनगट यांची एकसंध हालचाल सुटी होऊन सांधे आळीपाळीने हलतात. दाबून धरलेला हात एकाएकी सोडला तर तो आवरत नाही आणि स्वतःच्याच छातीवर आदळतो. वाणी तुटक होते आणि अक्षरे एकेक करून, वेडावाकडा जोर देऊन बाहेर पडतात. रुग्णाच्या बोटाला विजेचा लहान दिवा बांधून त्याच्या वाटचालीची छायाचित्रे होम्स यांनी घेतली. निरोगी हाताची रेघ नितळ, बाधित हाताची अडखळणारी.

होम्स यांच्या एका रुग्णाने आपली कैफियत जी सांगितली, ती मला या साऱ्या लक्षणांहून मोलाची वाटते. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की निरोगी बाजूचा हात आपोआप काम करतो, पण दुसऱ्या हाताची प्रत्येक हालचाल त्याला मनात जुळवून मगच करावी लागते, आणि एक हालचाल संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी हात थबकतो. येथे बळाचा प्रश्न नाही, संवेदनेचाही नाही. जे काम खालच्या दफ्तरात परभारे उरकत होते ते आता थेट हुजुरात येऊन पडले आहे, आणि हुजूर एका वेळी एकाच कागदावर लक्ष देऊ शकतात.

आता रचनेकडे वळू. मध्यभागी वर्मिस नावाचा अरुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंस दोन गोलार्ध. पोटात श्वेत द्रव्य, ज्याच्या झाडासारख्या फुटलेल्या शाखांना जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी जीवनवृक्ष असे भारदस्त नाव दिले. आणि त्यात खोल रुतलेल्या केंद्रकांच्या चार जोड्या, ज्यांतील सर्वांत मोठी दंतुर केंद्रकांची. मस्तिष्कस्तंभाशी त्याला बांधणाऱ्या तंतूंच्या जाडजूड दोऱ्या प्रत्येक बाजूस तीन. खालची दोरी मुख्यतः मेरुरज्जू आणि मस्तिष्कस्तंभातील लंबमज्जा यांकडून खबर आणते. मधली, जी सर्वांत मोठी, ती मोठ्या मेंदूचे संदेश मस्तिष्कस्तंभाच्या सेतू नावाच्या भागामार्गे पोचवते. वरची बहुतांशी बाहेर जाणाऱ्या तंतूंची. येणारे तंतू जाणाऱ्यांच्या सुमारे चाळीसपट. वरच्या दोरीतले तंतू बाजू ओलांडून विरुद्ध बाजूच्या मोठ्या मेंदूकडे जातात, आणि तेथून उतरणाऱ्या हुकमांचा मार्ग पुन्हा बाजू ओलांडतो; या दुहेरी ओलांडणीमुळे अनुमस्तिष्काच्या उजव्या बाजूस इजा झाली तर उजवाच हात बिघडतो.

उत्क्रांतीच्या दृष्टीने पाहता यात तीन वस्त्या आहेत. सर्वांत जुनी अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांशी जोडलेली. माशांतही ती आहे आणि डोके फिरत असता नजर स्थिर राखणे व तोल सांभाळणे हे तिचे काम. दुसरी वर्मिस आणि त्याच्या लगतच्या पट्ट्यांची, जिच्याकडे हातापायांचे स्नायू व सांधे यांची अहोरात्र खबर येते. तिसरी गोलार्धांची, मोठ्या मेंदूशी बोलणारी. मनुष्यात हीच सर्वांत विस्तारलेली आहे. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्यांत वर्मिसचा पुढचा भाग विशेषेकरून झिजतो, त्यामुळे पाय फाकून चालण्याची वेळ येते आणि हात मात्र पुष्कळसे शाबूत राहतात, यावरून या वस्त्यांच्या हद्दी किती स्पष्ट आहेत याची कल्पना यावी.

परंतु हद्दी जोडणीच्या आहेत, घडणीच्या नाहीत. वर्मिसचा तुकडा आणि गोलार्धाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर दोहोंत तोच तीन थरांचा नकाशा दिसतो. मधल्या थरात एका ओळीत उभ्या असलेल्या मोठ्या पेशी यान पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने १८३७ साली प्राग येथील सभेत प्रथम दाखवल्या आणि त्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांचे खरे रूप कामिल्लो गोल्जीच्या रजतक्षारांच्या प्रक्रियेमुळे उघड झाले, आणि त्या प्रक्रियेचा सर्वोत्तम उपयोग स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल याने केला. बार्सेलोना येथे असताना १८८८ साली पक्ष्यांच्या अनुमस्तिष्काचे छेद तपासून त्याने दाखवले, की एका पेशीचे तंतू दुसरीत विलीन होत नाहीत. ते तिच्या अंगावर येऊन थांबतात. समग्र चेतासंस्था हे अखंड जाळे नसून स्वतंत्र पेशींचा समुदाय आहे, या आधुनिक सिद्धांताचा पहिला भक्कम पुरावा असा अनुमस्तिष्कातून आला. १९०६ साली गोल्जी आणि काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि गोल्जीने आपल्या भाषणात त्या सिद्धांतावरच टीका केली. विद्वानांचे हेवेदावे हाही शास्त्राच्या इतिहासाचाच भाग आहे.

वाचकाने पुढील वर्णन आकृती समोर ठेवून वाचावे. पुर्किन्ये पेशीच्या शाखांचा विस्तार प्रचंड, पण एकाच पातळीत चपटा आहे. तिच्याकडे दोन वाटांनी संदेश येतात. पहिली वाट शेवाळतंतूंची: मेरुरज्जू, अंतर्कर्ण, सेतू अशा नाना ठिकाणांहून येणारे हे तंतू खालच्या थरातील कणपेशींना चेतवतात, आणि मेंदूतील बहुसंख्य चेतापेशी म्हणतात त्या याच चिमुकल्या कणपेशी. प्रत्येक कणपेशीचा तंतू वर चढतो, दोन्हीकडे फाटा फोडतो, आणि घडीच्या लांबीला समांतर धावत पुर्किन्ये पेशींच्या चपट्या शाखांना काटकोनात भेदून जातो. एकेका पुर्किन्ये पेशीवर अशा समांतर तंतूंचे लाखाहून अधिक चेतासंधी असतात. दुसरी वाट आरोही तंतूंची. हे लंबमज्जेतील ऑलिव्ह नावाच्या केंद्रकातून येतात, आणि प्रौढ मनुष्यात एका पुर्किन्ये पेशीला साधारणतः एकच आरोही तंतू लाभतो. लाख कुजबुजी एकीकडे आणि एक आरोळी दुसरीकडे, असा हा विषम प्रकार. समांतर तंतूंच्या प्रभावाने पुर्किन्ये पेशी सेकंदास पन्नास किंवा त्याहून अधिक आवेग सोडत असते. आरोही तंतू सेकंदास सुमारे एकदाच बोलतो, पण तो बोलला की पेशी हादरते.

आणि या सर्व खटाटोपातून निष्पन्न काय होते, तर नकार. अनुमस्तिष्काच्या बाह्यकातून बाहेर पडणारी एकमेव वाट पुर्किन्ये पेशींची, आणि ती पेशी खालच्या केंद्रकांना केवळ आवरू शकते, चेतवू शकत नाही, हे १९६४च्या सुमारास टोकियो येथे मासाओ इटो यांनी सिद्ध केले तेव्हा ते पुष्कळांना पटेना. एवढा थोरला कारखाना फक्त ‘नको’ म्हणण्यासाठी कोण उभारील? तीन वर्षांनी जॉन एक्ल्स, इटो आणि हंगेरीचे यानोश सेंतागोथाई यांनी अनुमस्तिष्क हे चेतापेशींचे यंत्र आहे असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला, आणि तो नकार विषयाच्या मध्यभागी येऊन बसला. मराठी वाचकाला मात्र त्याचे एवढे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पेशवाईतल्या तालुक्याच्या कारभारात मामलतदाराच्या हिशेबाची रुजुवात घेणारा मुजुमदार स्वतः हुकूम काढीत नसे, वसूल करीत नसे, खर्चही करीत नसे. परंतु प्रत्येक रकमेवर त्याची नजर फिरे आणि जी जादा असेल तिच्यावर त्याची मखलाशी पडे. दगड घडून मूर्ती होते ती काढून टाकण्यानेच. आणि केंद्रकांचा स्वयंभू उत्साह, जो पुर्किन्ये पेशी नसत्या तर सरसकट उफाळला असता, तो कोठे, किती आणि केव्हा आवरायचा याची तजवीज म्हणजेच कौशल्य, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

मुजुमदारालाही चूक झाल्याची खबर लागावी लागते. १९६९ साली केंब्रिजमध्ये विशीतल्या डेव्हिड मार याने एक धाडसी कल्पना मांडली, की आरोही तंतूची ती आरोळी म्हणजे शिकवणी होय. ती ज्या क्षणी येते त्या क्षणी जागे असलेले समांतर तंतूंचे चेतासंधी कायमचे बदलतात. दोन वर्षांनी जेम्स आल्बस या अमेरिकन अभियंत्याने तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली, पण एक चिन्ह उलटे करून: संधी बळकट होत नाहीत, दुर्बल होतात. १९८२ साली इटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रयोगात दुर्बलताच सापडली. एका चिन्हाचा फरक. पण त्याने आरोही तंतूचा अर्थ ठरला. तो शाबासकी देत नाही, चूक कळवतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण डोळ्यांचे. चालताना डोके हलत असते, तरी समोरची पाटी वाचता येते. कारण डोके जेवढे उजवीकडे वळते तेवढेच डोळे डावीकडे वळतात, आणि तेही सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या अवधीत. इतक्या घाईत डोळ्यांनी पाहून दुरुस्ती करणे अशक्य. प्रमाण आधीच बांधलेले असावे लागते. मॉन्ट्रियल येथे जेफ्री मेल्व्हिल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने माणसांना डावे-उजवे उलटवणारे लोलकांचे चष्मे सतत घालावयास लावले, तेव्हा काही दिवसांत ते प्रमाण घटत गेले आणि अखेर त्याची दिशाही पालटू लागली. जनावरांत अनुमस्तिष्काचा तेवढा जुना भाग काढून टाकला, की डोळे वळतात, पण शिकत नाहीत. नवा चष्मा घातल्यावर पहिले काही दिवस जी घेरी आल्यासारखी वाटते आणि मग कधी गेली ते कळत नाही, तिचा उलगडा येथे होतो. इटो यांच्या सिद्धांताबाबत सर्व आक्षेप संपले आहेत असे नव्हे. ज्या उंदरांत तो दुर्बलतेचा बदल अनुवंशिक उपायांनी रोखला, त्यांपैकी काही तरीही शिकले, असे २०११ साली दाखवले गेले, आणि शिक्षण एकाच संधीवर होत नसून अनेक ठिकाणी वाटून होते असे आता बहुसंख्य संशोधक मानतात.

जे शिकले जाते ते बहुधा भाकीत असते. हात हलल्याची खबर मेंदूपर्यंत पोचते तोवर हात पुढे गेलेला असतो. म्हणून हुकूम सुटतानाच त्याचा परिणाम काय होईल याचा अंदाज बांधून ठेवावा लागतो. आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही, आणि लंडनच्या संशोधकांनी १९९८ साली मेंदूची चित्रे घेऊन या अपेक्षित स्पर्शाच्या वजाबाकीत अनुमस्तिष्क गुंतलेले असल्याचे दाखवले. याहूनही बोलका दाखला आफ्रिकेतील नद्यांत राहणाऱ्या मॉर्मिरिड माशांचा. गढूळ पाण्यात दुबळे विद्युत्स्पंद सोडून ते भोवताल चाचपतात, आणि त्यांचे अनुमस्तिष्क इतके वाढलेले असते, की ते उरलेल्या मेंदूवर छत्रासारखे पसरते. त्यांच्या मेंदूतील अनुमस्तिष्कासारख्याच घडणीचा एक भाग स्वतःच्या स्पंदामुळे काय जाणवणार याचा नकारात्मक ठसा तयार करून ते वजा करतो, आणि जे उरते ती बाहेरच्या जगाची बातमी. येथे स्नायूंच्या मेळाचा संबंध फारसा नाही. घडण तीच, पुरवठा वेगळा, म्हणून काम वेगळे.

मग मनुष्याच्या गोलार्धांना पुरवठा कशाचा, आणि त्यांच्याकडून जाते ते कोठे? १९९४ साली फ्रँक मिडलटन आणि पीटर स्ट्रिक यांनी चेतातंतूंतून मागे-मागे सरकणारा विषाणू वापरून माकडांत दाखवले, की दंतुर केंद्रकाचा काही भाग हालचालींच्या क्षेत्राकडे न जाता कपाळामागच्या, स्मरण आणि योजना यांच्याशी निगडित क्षेत्राकडे जातो. १९९८ साली बोस्टनचे जेरेमी श्मामान आणि जॅनेट शर्मन यांनी अनुमस्तिष्काच्या विकारांच्या वीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. योजना आखणे, अवकाशाचे भान, शब्द आठवणे आणि भावनांचे औचित्य यांत त्यांना जी वैगुण्ये आढळली, त्यांना ते विचारांची बेतालता मानतात. लहान मुलांतील या भागाचे अर्बुद काढल्यावर काही मुले दिवसेंदिवस एक शब्दही बोलत नाहीत, ही गोष्ट शल्यवैद्यांना आधीपासूनच ठाऊक होती.

मी या पक्षाला अनुकूल आहे. परंतु त्यातील अतिउत्साहाला नाही. अनुमस्तिष्काला विचाराचे दुसरे सिंहासन देऊ पाहणारे लेखक २०१४ साली चीनमधून आलेला वृत्तांत सोयीस्करपणे विसरतात. शांदोंग प्रांतातील एका चोवीस वर्षांच्या स्त्रीला घेरी येते म्हणून तपासले असता तिच्या कवटीत अनुमस्तिष्कच नव्हते. त्याच्या जागी द्रव भरलेला होता. ती सातव्या वर्षी चालू लागली, सहाव्या वर्षापर्यंत तिचे बोलणे समजत नसे, चाल डळमळीत राहिली. पण ती विवाहित होती, एका मुलीची आई होती, आणि संसार करीत होती. मुजुमदार नसला तर कारभार बंद पडत नाही. तो मंद होतो, उशिरा शिकतो, ओबडधोबड होतो. याच मापाने विचारातील त्याचा वाटाही मोजावा, असे मला वाटते.

ग्रंथाचा उत्तरार्ध विकारांना वाहिलेला आहे. त्यात १८६३ साली हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडराइख यांनी वर्णिलेल्या अनुवंशिक विकारापासून आरंभ करून आपल्याकडील अनुभवाला मी अधिक जागा दिली आहे, आणि ती सकारण. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चेतारोगांचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी आपले सहकारी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात अनुमस्तिष्काचा ऱ्हास असलेल्या नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा ऱ्हास इतर ऱ्हासांसारखाच वाटे. चाल डळमळे, वाणी तुटे, हात लक्ष्य चुके. परंतु रुग्णाला एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे नजर टाकावयास सांगितले, तर निरोगी डोळा जी झेप क्षणार्धात घेतो, ती त्याचे डोळे रेंगाळत, सावकाश सरकत पुरी करीत. एवढ्या एका निरीक्षणावर त्यांनी हा वेगळा विकार असल्याचा निर्णय दिला. मेंदूची आजच्यासारखी चित्रे तेव्हा घेता येत नव्हती, आणि अनुवंशाची लिपी वाचण्याचे तर नावच नको. बाराव्या गुणसूत्रावरील, तीन अक्षरांची पुनरुक्ती मर्यादेपलीकडे वाढलेले ते सदोष जनुक १९९६ साली सापडले, आणि पुढे वाडिया यांच्या संशोधनाने भारतीय कुटुंबांत त्याची आणि मंद नजरेची सांगड घातली गेली.

यात शरीररचनेच्या विद्यार्थ्याला एक अडचण आहे, आणि ती मी लपवलेली नाही. नजरेच्या झेपेचा वेग अनुमस्तिष्क ठरवीत नाही. तो सेतूतील पेशींच्या हाती असतो, आणि या विकारात त्या पेशीही झिजतात. म्हणजे ज्या लक्षणावरून अनुमस्तिष्काचा हा ऱ्हास ओळखला गेला, ते लक्षण अनुमस्तिष्काचे नव्हे. पुर्किन्ये पेशी, ऑलिव्ह आणि सेतू ही एकमेकांना संदेश देणारी ठाणी या विकारात बरोबरीने पडतात. रोग नकाशातल्या हद्दी पाहून येत नाही. म्हणूनच विकारांच्या प्रकरणांत मी अवयवांचा क्रम सोडला आणि तंतूंच्या वाटांचा क्रम धरला. केवळ परीक्षेसाठी वाचणाऱ्यांना तो क्रम प्रथम अडचणीचा वाटेल. त्यांनी तिसरे प्रकरण आकृत्यांसह दोनदा वाचून मग थेट नवव्या प्रकरणाकडे जाण्यास हरकत नाही.